देवाला आवडलेली माणसं

आमच्या घरात शिक्षकाचा वारसा नव्हता. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, आई कपडे शिवायची आणि मी दवाखान्यात परिचारिका झाले. धाकटीनं मात्र शाळा संपल्या संपल्या जाहीर केलं की ती बालवर्गाची शिक्षिका होणार. बाबांनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं, तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, मोठ्यांना शिकवणं सोपं असतं, ती ऐकल्याचं सोंग तरी करतात.

ती हसली, पण मागे हटली नाही. मला एकटीला गाठून तिनं खरं कारण सांगितलं. रविवारी उपासनेनंतर चर्चच्या मागच्या खोलीत ती लहान मुलांना गोष्टी सांगायची, गाणी शिकवायची. तिथं एकदा तिला आतून वाटलं होतं की हेच आपलं काम. "ताई, मला बोलावणं आलंय गं," ती म्हणाली. मी म्हटलं, बोलावणं आलं असेल तर निदान तिथं तरी वेळेवर जा. मी थट्टा केली खरी, पण तिचा चेहरा पाहून पुढचं बोलणं गिळलं. आमच्या घरात सगळेच श्रद्धावान होते. बाबा चर्चमध्ये पेटी वाजवायचे, आई गायनमंडळात होती. पण आमची श्रद्धा घरातल्या जुन्या कपाटासारखी, रोज उघडायची आणि तिच्याकडे कधी पाहायचं नाही, अशी होती. धाकटीचं तसं नव्हतं. ती प्रार्थनेला बसली की कुणाशी तरी बोलते आहे हे पाठीवरूनही कळायचं.

अध्यापक विद्यालयाचं पहिलं वर्ष पुस्तकांत गेलं. दुसऱ्या वर्षी तिला सरावासाठी एका शाळेत पाठवलं. तिथल्या मुख्याध्यापिका शिस्तीच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला समोर बसवून बजावलं, आपल्याकडे सगळ्या धर्मांची मुलं येतात, कुणाच्या घरी देव आहे, कुणाच्या घरी नाही. तुमची श्रद्धा तुमच्यापाशी. वर्गात ती आणायची नाही. धाकटीला ते पटलंच होतं. ती म्हणाली, मी फक्त शिकवायला आलेय.

वर्गातली टेबलं इतकी बुटकी की उठता-बसता तिचे गुडघे त्यांवर आपटायचे. मुलांना अजून वाचता येत नव्हतं, म्हणून पिशव्या अडकवायच्या खुंट्यांवर नावांऐवजी प्राण्यांची चित्रं होती. होता होता मुलांचीही तीच नावं पडली. हत्ती अंगानं काडीसारखा होता, कासव सगळ्यांच्या आधी पळत सुटायचं. वर्गाच्या खऱ्या शिक्षिकेला मुलं मोठ्या बाई म्हणायची, त्यामुळे आमची धाकटी आपोआप छोट्या बाई झाली.

पहिले काही दिवस तिच्या नाकी नऊ आले. ती गोष्ट सांगायला बसली की तीन जण पाणी प्यायला निघायचे आणि चौथ्याला घरची आठवण यायची. एका मुलीनं तिला विचारलं, तुमचं लग्न झालंय का. नाही म्हटल्यावर तिनं काळजीनं विचारलं, मग तुम्हाला घरी ओरडतं कोण? आवाज चढवून चढवून आठवड्याच्या शेवटी धाकटीचा घसा बसला. एके दुपारी ती स्वच्छतागृहात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिनं प्रार्थना केली की प्रभू, यांना गप्प कर. घरी येऊन मला सांगताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती. म्हणाली, मी या मुलांसाठी मागायला हवं होतं आणि मी त्यांच्याविरुद्ध मागितलं.

मोठ्या बाई बऱ्याच वर्षांच्या मुरलेल्या. त्यांनी आठवडाभर काही न बोलता सगळं पाहिलं आणि मग एकच गोष्ट सांगितली. आवाज चढवू नका, उतरवा. तुम्ही हळू बोललात की मुलांना वाटतं काहीतरी गुपित चाललंय. घसा बसलेलाच होता, त्यामुळे धाकटीला दुसरा इलाजही नव्हता. ती जवळजवळ कुजबुजत गोष्ट सांगू लागली आणि मुलं टेबलं ओलांडून जवळ सरकली. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा तिच्या तोंडून आवाज फुटत नव्हता, पण आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

या वर्गात एक मुलगी होती, खारूताई. शांत, नेटकी, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारी. रंगाचे ब्रश धुऊन ओळीनं ठेवायचं काम ती न सांगता करायची. तिची आई बरेच दिवस आजारी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. सहामाहीच्या सुट्टीत आई गेली. सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा खारूताईला तिची आजी सोडायला आली. आईची आई. ती एका बेकरीत पहाटेपासून पाव भाजायचं काम करायची. वर्गाच्या दारात ती मोठ्या बाईंना एवढंच म्हणाली की पोर आता काही विचारत नाही, रडतही नाही, तुम्ही पण विषय काढू नका.

विषय कुणी काढला नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, हिला जवळ ठेवायचं, जरा जास्त कौतुक करायचं. धाकटीनं तसंच केलं. आणि तिथून सगळं बिघडत गेलं. खारूताईनं ब्रश नेहमीसारखे ओळीनं ठेवले, धाकटी म्हणाली, किती शहाणी मुलगी आहेस तू, तर पोरीनं रंगाचं पाणी जमिनीवर ओतून दिलं. दुसऱ्या दिवशी तिनं हत्तीच्या दंडाला चावा घेतला. मग पुस्तकाची पानं फाडली, कुणाचा डबा खिडकीतून बाहेर टाकला. जितकं कौतुक करावं तितकी ती चवताळायची. मोठ्या बाईंनी एवढ्या वर्षांत खूप मुलं पाहिली होती, पण त्याही चक्रावल्या. आईच्या दुःखानं होत असेल, थोडा वेळ जाऊ द्या, असं त्या म्हणाल्या. ते चूकही नव्हतं.

एक दिवस मुलं चित्रं काढत होती. ससा म्हणजे एक गोरी, लाजरी मुलगी. तिनं फार मनापासून एक घर काढलं होतं. खारूताई उठली, ते चित्र तिनं ओढलं आणि मधोमध फाडलं. ससा रडायला लागली. धाकटी धावली, पण पोहोचायच्या आधीच ती जागच्या जागी थबकली. चित्र फाडल्यावर खारूताईनं सशाकडे पाहिलं नव्हतं, बाईंकडेही पाहिलं नव्हतं. तिनं मान वर करून छताकडे पाहिलं होतं. कुणीतरी पाहिलं ना, याची खात्री करून घ्यावी तसं.

धाकटी मला नंतर म्हणाली, "ताई, माझ्या अंगावर काटा आला. मला कळलं ती काय करतेय."

ते कसं कळलं, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल. आम्हाला एक दादा होता, माझ्याहून मोठा. धाकटी पाच वर्षांची असताना तो तापानं गेला. त्याच्या दफनविधीच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं आणि धाकटी ज्याला त्याला विचारत होती की दादा कुठे गेला. शेवटी आईनं तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, तो देवाला फार आवडला, म्हणून देवानं त्याला नेलं. लोक नेहमी म्हणतात तेच. त्यानंतरचं वर्ष धाकटीनं आम्हाला सळो की पळो करून सोडलं. बाबांच्या कामाच्या टेबलावरचे घड्याळांचे काटे तिनं नळाखाली टाकले. आईनं गिऱ्हाइकासाठी शिवलेल्या झग्याला कात्री लावली. आम्ही समजलो, शेंडेफळ म्हणून लाडावली आहे. मार खाऊनही ती रडायची नाही. हळूहळू ते थांबलं आणि आम्ही विसरून गेलो. ती मात्र विसरली नव्हती. देवाला आवडलेली माणसं देव नेतो, हे तिच्या मनानं धरलं होतं आणि आपण त्याला आवडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. पुढे तिची श्रद्धा वाढली, ती भीती मागे पडली, पण मुळातून कुणी ती काढली नव्हती.

आता तीच भीती समोर फाटक्या कागदाचे दोन तुकडे हातात धरून उभी होती.

मोठ्या बाईंनी सशाला जवळ घेतलं. धाकटी खारूताईला घेऊन बाहेर गेली, नळांपाशी, जिथं मुलं हात धुतात त्या ओट्यावर दोघी बसल्या. मुख्याध्यापिकांनी बजावलेलं तिला आठवत होतं. खारूताईचं घर कुठल्या धर्माचं, ते देव कसा मानतात, हे तिला ठाऊक नव्हतं. गप्प राहणं सोपं होतं. पोरीला दोन शब्द समजावून परत वर्गात नेलं असतं तर कुणी बोट ठेवलं नसतं. ती म्हणते की तिनं तेव्हा प्रार्थनाही केली नाही, तेवढा वेळच नव्हता.

"तू वर का बघितलंस?" तिनं विचारलं.

खारूताईनं कागदाचे तुकडे पाठीमागे लपवले.

"देव बघतोय का, ते बघत होतीस?"

पोरीनं मान डोलावली.

"मीपण बघायचे. तुझ्याएवढी होते तेव्हा. माझा दादा वारला होता. मला वाटायचं, मी चांगली वागले तर देव मलाही नेईल."

खारूताईनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "मग?"

"मग मी खूप वाईट वागले. आणि नंतर दमले, आणि पुन्हा नीट वागायला लागले. तरी मी इथंच आहे. चांगलं वागलं म्हणून कुणी मरत नाही."

"आजी म्हणाली, आई देवाला आवडली."

"तुझी आई सगळ्यांनाच आवडायची. पण ती आवडली म्हणून गेली नाही. ती आजारी होती. आजार फार मोठा होता, आणि औषधं कमी पडली."

पोर नळाच्या थेंबाकडे पाहत राहिली. मग तिनं विचारलं, देवाला वाईट वाटलं का? धाकटीनं उत्तर दिलं की मला असं वाटतं, त्याला फार वाईट वाटलं असेल. तुला वाटलं तसंच. हातातले कागदाचे तुकडे खारूताईनं ओट्यावर ठेवले आणि एकमेकांना जोडून पाहिले.

लहान मुलांना सांगितलेली गोष्ट घरी पोहोचेपर्यंत वेगळीच होते. खारूताईनं घरी जाऊन सांगितलं, छोट्या बाई म्हणाल्या आजी खोटं बोलते. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी बेकरीतून तशीच शाळेत आली, हातांना कोपरापर्यंत पीठ. मुख्याध्यापिकांच्या खोलीत तिनं धाकटीला उभं करून विचारलं, "तुमचं वय काय, बाई? तुम्ही किती माणसं पुरली? माझी लेक गेली. पोरीनं विचारलं तेव्हा मला जे सुचलं ते मी बोलले. ते पण तुम्ही काढून घेतलंत. आता मी काय सांगू तिला?"

धाकटीनं हात जोडून म्हटलं की मी तुम्हाला खोटं म्हटलं नाही, पण तुम्हाला दुखवलं असेल तर मला क्षमा करा. आजीनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती गेल्यावर मुख्याध्यापिकांनी शांतपणे सांगितलं की हेतू चांगला असला तरी मी जे बजावलं होतं तेच तुम्ही मोडलंत. अध्यापक विद्यालयाला कळवावं लागेल. तोपर्यंत वर्गात जाऊ नका, भांडारखोलीत खेळणी आणि ठोकळे लावून ठेवा.

त्या संध्याकाळी धाकटी घरी आली तेव्हा मी नुकतीच कामावरून आले होते. आई खिडकीपाशी मशीनवर कुणाच्या तरी झग्याच्या बाह्या शिवत होती. धाकटी माझ्याजवळ बसून सगळं सांगू लागली. आई आपल्या नादात आहे असं आम्हाला वाटलं. धाकटी म्हणाली की मला आजीचा राग येत नाही, तिचं चुकलंच कुठे, दादाच्या वेळी मलाही तेच सांगितलं होतं आणि मी वर्षभर रोज झोपताना घाबरायचे की आज देवाला मी आवडले तर.

मशीनचा आवाज थांबला.

आईनं कापड सुईखालून काढलंही नाही. ती तशीच पाठमोरी बसून राहिली. मग म्हणाली, "ते मी सांगितलं होतं."

धाकटीचा चेहरा उतरला. ती उठून आईजवळ गेली आणि म्हणाली, आई, तू मला बरं वाटावं म्हणून सांगितलंस. आई म्हणाली, नाही. मला बरं वाटावं म्हणून मी ते सांगितलं. लोक मला सांगत होते, तेच मी तुला सांगितलं. मला तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं गं. तो झगा तू कापलास तेव्हा मी तुला किती मारलं होतं. आणि मग आई रडली. दादासाठी ती चर्चमध्ये रडली होती, कबरीपाशी रडली होती, पण असं रडताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. बाबा आतून आले, काही न विचारता तिच्या बाजूला उभे राहिले. धाकटी तिच्या पायाशी बसून राहिली. त्या घरात दादाचं नाव घेऊन आम्ही चौघं पहिल्यांदा एकत्र बसलो होतो. स्वयंपाकाचं कुणालाच भान नव्हतं. बऱ्याच वेळानं मी उठून पाव कापले.

दुसऱ्या दिवशी आई मशीनवर बसली नाही. दुपारी चांगली साडी नेसली आणि कुठे जाते ते न सांगता निघून गेली. ती बेकरीत गेली होती. तिथं त्या आजीचं काम संपेपर्यंत थांबली आणि मग दोघी मागच्या बाजूला पोत्यांवर बसल्या. काय बोलणं झालं हे आम्ही तिला खूपदा विचारलं. ती एवढंच सांगायची की मी म्हटलं, माझाही मुलगा गेला आणि मीही तेच बोलले होते. पुढचं विचारलं की म्हणायची, पुढे बोलायला काय होतं, दोघी बसलो.

आजीनं शाळेत येऊन धाकटीची माफी वगैरे मागितली नाही. पण एका सकाळी खारूताईला सोडताना तिनं मुख्याध्यापिकांना सांगितलं की पोरगी छोट्या बाईंना शोधते, त्यांना वर्गात पाठवा. मग मुख्याध्यापिकांनी स्वतः भांडारखोलीत जाऊन धाकटीला बोलावलं. ठोकळे रंगांप्रमाणे छान लावलेत असं म्हणाल्या, आणि वर्गात जायला सांगितलं. नियम बदललेला नाही, हेही दारातूनच सांगितलं.

खारूताई एका दिवसात सुधारली असं झालं नाही. ती पुढेही चावली, फेकाफेक झाली. मात्र वर बघणं हळूहळू कमी झालं. हिवाळा सरत आला तेव्हा एकदा धाकटी बदकाच्या पिल्लांची एक साधीच गोष्ट सांगत होती, आणि ती ऐकता ऐकता खारूताई हमसून हमसून रडायला लागली. आई हवी, आई हवी, एवढंच ती म्हणत होती. मुलं घाबरली. धाकटीनं तिला मांडीवर घेतलं आणि गोष्ट तशीच हळू आवाजात पुढे सांगत राहिली. धाकटीचेही गाल ओले झाले होते. हत्ती उठला, आपला रुमाल घेऊन आला आणि कुणाला द्यावा हे न कळून दोघींच्या मध्ये धरून उभा राहिला.

सरावाच्या शेवटी विद्यालयाच्या परीक्षक बाई आल्या. त्यांनी अहवालात धाकटीवर ठपका ठेवला. संस्थेच्या सूचनांचं उल्लंघन, असे शब्द होते. ती पास झाली, पण विशेष श्रेणी गेली आणि पहिली नोकरी मिळायला वेळ लागला. ते महिने तिला जड गेले. तिला वाटायचं की आपल्याला बोलावणं आलं होतं, मग दारं का बंद होतायत. एकदा मला म्हणाली, पूर्वी मला वाटायचं श्रद्धा म्हणजे उत्तरं माहीत असणं. आता प्रार्थनेला बसले की काही मागावंसं वाटत नाही, नुसतं बसावंसं वाटतं. मी तिला विचारलं, मग देव आहे असं वाटतं ना? ती म्हणाली, "मी एकटी बसलेय असं कधी वाटलं नाही." मला त्यातलं फार कळलं नाही, पण पुन्हा थट्टा करायचं धाडस मला झालं नाही.

पुढे तिला गावाबाहेरच्या एका छोट्या शाळेत जागा मिळाली. आज तिच्या हाताखाली स्वतःचा वर्ग आहे, सराव करायला येणाऱ्या मुली आहेत, आणि आता मोठ्या बाई तीच आहे. कुणाच्या घरी मृत्यू झाला की ती आधी घरच्यांना भेटते, मुलाला काय सांगितलंय ते विचारते आणि त्यांच्या संमतीनंच पुढे बोलते. एवढं शहाणपण तिला त्या आजीनं शिकवलं असं ती म्हणते.

आईनंही एक गोष्ट बदलली. चर्चमध्ये कुणाचा दफनविधी असला की आई आजही जाते. लोक रांगेनं येऊन घरच्यांना देवाची इच्छा, देवाला आवडलं, असं सांगत असतात. आई त्या रांगेत उभी राहत नाही. घरात लहान मूल असेल तर ते कुठे आहे ते शोधते. बहुतेक वेळा ते स्वयंपाकघरात किंवा जिन्यावर एकटं बसलेलं असतं. आई जाऊन त्याच्या शेजारी बसते, आणि ते विचारेपर्यंत एक शब्द बोलत नाही.